देठाकडची चकती

थुंकलो, माय. नळाखाली तोंड धरून तीनदा चूळ भरली, गुळाचा खडा चघळला, तरी जिभेच्या मुळाशी ते बसूनच आहे. बायको विळी पुढ्यात घेऊन खाली बसली होती. दुधीचा देठ उडवून तिनं पहिली चकती माझ्या हातावर ठेवली होती, गच्चीवर पिकवलेलं मीच आधी खावं म्हणून, कौतुकानं. "अहो, नुसते थुंकताय काय, सांगा तरी," ती म्हणाली. मी म्हणालो, कडू आहे. तिनं विळीच्या पात्याला लागलेला दुधीच्या पाण्याचा थेंब बोटानं जिभेला लावला आणि पदरानं जीभ पुसली. "याला कडू म्हणत नाहीत," ती म्हणाली. "हे विष आहे." मग ती माझ्याकडे बघत राहिली, आणि आवाज खाली आणून तिनं विचारलं, "पहिला कुणाला दिलात?"

पहिला मी घरात ठेवत नाही, हे तिला ठाऊक आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली. कुंडीत एक मिरची धरली तरी पहिली मिरची दारच्याला जाते. हे मी तुझ्याकडून घेतलं. पहिलं फळ आपलं नसतं. ते अखंड द्यायचं, देठासकट, चिरून नाही. आणि पहिलं आहे हे सांगायचं नाही. "सांगितलं की देणं संपलं, मग नुसतं दाखवणं," असं तू म्हणायचीस. एवढंच मला आठवत होतं आणि एवढंच मी पाळलं.

आज सकाळी तो दुधी मी मावशींना दिला. मावशी म्हणजे मागच्या गल्लीत एका खोलीत राहणारी बाई, सत्तरी ओलांडलेली. तिचे भाऊ आणि भाचे अजून मेंढरं राखतात, मुलगा चितेगावला कंपनीत आहे. निवृत्त झाल्यावर मी गच्चीवर निळी पिंपं अर्धी कापून त्यांत माती भरली, रंगाचे रिकामे डबे मांडले, वांगी लावली, मेथी टाकली. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरायची आणि बाकीचे दिवस भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून वर न्यायचं. तू मोरीचं पाणी दांडानं अळूकडे न्यायचीस, तसंच. गेल्या उन्हाळ्यात वांगी पिवळी पडली. मावशी कढीपत्ता मागायला वर आल्या होत्या. पिंपात बोट खुपसून म्हणाल्या, "माती मेलीय ही. दुकानातली पावडर घालतो व्हय रे बाबा? थांब, लेंडी आणून देते." आठ दिवसांनी भाच्याच्या टेम्पोतून लेंडीखताचं पोतं आलं. मी काही देऊ केलं तर म्हणाल्या, "मेंढराला काय इचारून हागायला लावलं का? ठेव." त्या खतावर बाग उठली. पावसाळ्यात कोपऱ्यातल्या पिंपात एक वेल आपोआप उगवला. मी बी टोचलं नव्हतं. पानं बघून कळलं, दुधी आहे. मला आनंद झाला, माय. न पेरता आलेलं म्हणजे दान, असं मला वाटलं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला आज दुपारनंतर आठवलं. "न पेरलेल्याचा भरवसा नाय." मोरीच्या भिंतीवर चढलेल्या वेलाकडे बघत तू हे म्हणाली होतीस. माझ्या डोक्यात तुझी इतकी वाक्यं आहेत, आणि ती नेमकी कामाच्या वेळेनंतर येतात.

मावशी सकाळी नऊला पिशवी घेऊन निघाल्या होत्या, मुलाकडे जायला. मी गच्चीवरून हाक मारली, खाली उतरलो, दुधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी तोलला, नखानं साल दाबून पाहिली. "कवळाय. रसाला लई चांगला. उद्या सकाळी अनशापोटी पिते, तेवढीच शुगर हटंल." आणि मग विचारलं, "गोड हाय ना? ह्याच्या आधीचा खाल्ला का तुम्ही?" आता मी काय सांगणार? खाल्ला नाही म्हणालो तर हा पहिला, हे कळणार. आणि पहिला हे सांगायचं नाही. मी म्हणालो, "हो, खाल्ला की. गोड आहे." त्या हसल्या. "तू म्हनतो म्हणून बरं. मला मेलीला चवच कळंना. त्या गोळ्यांनी तोंड सदा कडू. कारलं काय अन् केळं काय, सारखंच लागतंय." पिशवीत दुधी मावेना. देठ बाहेर ठेवून त्या रिक्षात बसल्या.

म्हणजे रस कडू लागला तरी त्यांना वाटेल, आपलंच तोंड कडू. आणि कडूला त्या भीत नाहीत. रोज मेथ्या चावतात, कडुलिंबाचा पाला वाटून घेतात. "कडू जितकं, तितकं गुणाचं," असं म्हणून त्या एका घोटात पेला रिकामा करतात. मी पाहिलं आहे.

बायकोनं तिच्या भाचीला फोन केला. ती डॉक्टर आहे. फोन टेबलावर, स्पीकरवर ठेवला होता. भाची म्हणाली, "काका, कडू दुधी शिजवूनसुद्धा खायचा नसतो, आणि कच्चा रस तर अजिबात नाही. रक्ताच्या उलट्या होतात. बीपी एकदम खाली जातं. त्यांचं वय किती?" मी सांगितलं. मी विचारलं, "यावर काही औषध?" ती म्हणाली, "उतारा नाही, काका. लगेच दवाखान्यात न्यावं लागतं, आणि मग जे जे होईल त्यावर उपचार. तुम्ही निरोप पोचवा. कसाही पोचवा." मी विचारलं, एका वेलाचा एक भोपळा कडू आणि दुसरा गोड असं होतं का. मला तिच्याकडून हो ऐकायचं होतं. ती म्हणाली, "मला नाही माहीत. तुम्ही कडूच धरून चला."

मावशींचा फोन बंद. एरवी तो चालू असतो, पण मुलाकडे गेल्या की त्या तो बंदच ठेवतात, बॅटरी पुरावी म्हणून. सकाळी चहाच्या वेळी चालू करतात. मागे मी एकदा रागावलो होतो, की अडीनडीला कुणी शोधायचं कसं. तर म्हणाल्या, "रातीतून कोण मेलं तर मेलं. सकाळी कळलं तर काय बिघडतंय?" त्यावर आम्ही दोघंही हसलो होतो.

साडेचारला मी त्यांच्या खोलीपाशी गेलो. कुलूप. शेजारची बाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. "वो तो गई ना बेटे के घर कू. इत्ता बड़ा कद्दू ले को गई, बहू कू दिखाती बोले. परसों आती." मुलाचा, भाच्याचा, कुणाचाच नंबर तिच्याकडे नाही. कंपनीचं नाव माहीत नाही. मी स्कूटर काढली. हर्सूलहून निघून शहर ओलांडून पैठण रस्त्यानं चितेगावला पोचेपर्यंत पाळी सुटली होती. गेटांतून माणसं बाहेर पडत होती, डबे हलवत. मी तीन गेटांवर विचारलं. तिसऱ्या गेटावरचा रखवालदार भला होता. खुर्ची देऊ करत म्हणाला, "आडनाव सांगा काका, लगेच काढून देतो." मला आडनाव माहीत नव्हतं. "बरं, मुलाचं नाव?" तेही नाही. "मग त्या आजीचं?" मी फोन काढून पाहिला. माझ्या फोनमध्ये ती बाई 'लेंडी मावशी' आहे. वर्षभर तिचं खत माझ्या भाज्यांना आहे आणि मी तिचं नाव विचारलेलं नाही. रखवालदार म्हणाला, "काका, मावशी सगळ्यांच्याच असतात. इथं हजार माणूस कामाला." तो हसत नव्हता. मी दोन चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, एका किराणा दुकानात विचारलं. हातात दुधी घेऊन आलेली म्हातारी पाहिली का, असंही विचारलं. दुकानदारानं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. अंधार पडायला लागला तेव्हा परत फिरलो. घरांमागून घरं जात होती, प्रत्येकात दिवा लागलेला, आणि त्यांतल्या एका घरात ओट्यावर तो दुधी पडलेला असणार होता.

आता साडेसात झाले आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितो आहे, कारण सकाळपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नाही. समोर ताटलीत दुसऱ्या दुधीचे दोन तुकडे आहेत. बायकोनं ते टाकलेले नाहीत. भाची म्हणाली, ठेवा, लागलं तर दाखवता येईल. बायको दर दहा मिनिटांनी फोन लावते. तोच बाईचा आवाज, तेच वाक्य. तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, तेव्हा तू चुलीतलं लाकूड मागं ओढायचीस, जाळाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून. हे कोण वाचून दाखवणार? म्हणून लिहायला सोपं जातं आहे.

मी नऊ वर्षांचा आहे. तळ्याच्या अंगाला आपल्या दोन खोल्या आहेत, मागं मोरी, मोरीच्या भिंतीवर तो न पेरलेला वेल. दादा, माझे वडील, सायकलवरून शहागंजला धान्याच्या दुकानात हमालीला जातात, दुपारचा डबा घेऊन. तू मिसरी लावतेस. सकाळी, दुपारी, आणि दादांच्या बहिणीशी, आत्याबाईशी वाजलं की मध्येही. मिसरीनं तुझी जीभ गेली आहे, असं तूच सांगतेस. मीठ किती, तिखट किती, हातानं कळतं, पण कडू कळत नाही. त्यामुळे काकडी असो की भोपळा, देठ उडवला की पहिली चकती माझी. "चाख रे. माझी जीभ मेलीय, तुझी जिती हाय." मला त्याचा अभिमान होता. घरातल्या कुणालाही जे कळत नाही ते माझ्या जिभेला कळतं. तू माझ्या तोंडाकडे बघत थांबायचीस. मी मुद्दाम वेळ लावायचो. मग म्हणायचो, गोड. तेव्हा भोपळा चुलीवर चढायचा.

त्या दिवशी मी मागं गोट्या खेळत होतो. आतून हाक आली. तू दारातून हात बाहेर काढून चकती दिलीस आणि लगेच आत वळलीस, कारण तव्यावर भाकरी होती. मी खेळातूनच ओरडलो, गोड. दादांच्या डब्यात ती भाजी गेली. दादा दुकानात घाईनं जेवायचे, पोत्याला पाठ टेकून, चवीकडे लक्ष न देता. तिसऱ्या प्रहरी दोन माणसांनी त्यांना धरून आणलं. ते मोरीपाशी ओणवे बसले आणि उठलेच नाहीत. हिरवं पडत होतं, मग नुसता फेस, मग एकदा लाल. त्यांचे डोळे मला अजून दिसतात. मी खांबाला धरून उभा होतो. आत्याबाई अंगणात येऊन तुला बोलली. "नवऱ्यालाच घालवायला निघालीस व्हय गं? चाखायची अक्कल नाय?" तू दादांच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. तू मान वर न करता म्हणालीस, "व्हय. माझी जीभ मेली होती." माझ्याकडे तू बघितलं नाहीस. एकदाही नाही.

दादा चौथ्या दिवशी उठून बसले. त्याच दिवशी तू वेल उपटलास. आणि मिसरीचा डबा नाल्यात फेकलास. त्यानंतर पंधरा दिवस तुझं डोकं दुखत होतं, तू कपाळाला फडकं आवळून भाकरी थापायचीस, आत्याबाई हसायची की दोन दिवसांत डबा परत येईल. आला नाही. तुझी जीभ हळूहळू परत आली. पुढं प्रत्येक काकडी, प्रत्येक दोडका तू स्वतः चाखलास. मला पुन्हा कधी चकती दिली नाहीस. मी मोरीपाशी रेंगाळायचो, तू देठ उडवायचीस, चकती तोंडात घालायचीस, चावायचीस, आणि माझ्याशी भलत्याच विषयावर बोलायचीस. ती शिक्षा होती की तू मला वाचवत होतीस, हे मला बावन्न वर्षांत कळलेलं नाही. विचारता आलं असतं. तू होतीस तोवर मी विचारलं नाही.

पण मला आज दुसरंच काही दिसलं आहे, स्कूटरवर, परत येताना. तू वेल उपटलास तेव्हा त्यावर एक भोपळा होता. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. दर वर्षी पहिल्या फळाला तू चिंधी बांधायचीस आणि ते वेलावरच ठेवायचीस, दोन-चार दिवस. मला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून. दृष्टीसाठी नव्हती ती. तू दुसरं फळ आधी काढायचीस. ते घरात चिरायचीस, चाखायचीस, आपल्याच ताटात वाढायचीस. आणि मग, ते आपल्याला बाधलं नाही हे बघून, चिंधीचं पहिलं फळ दुसऱ्याच्या घरी जायचं. अखंड, न सांगता. परक्याच्या ताटात काही जाण्याआधी ते आपल्या पोटातून गेलेलं असायचं. मला तुझ्या रीतीची दोन टोकं माहीत होती. मधलं मला कधी कुणी सांगितलं नाही, कारण ते चुलीपाशी व्हायचं, आणि त्या वर्षानंतर चुलीपाशी मला काम नव्हतं.

बी कुठून आलं, याचा विचार मी केला. लेंडीच्या पोत्यात मेंढवाड्याचा केर होता, त्यातून रानातल्या कडू भोपळ्याचं बी आलं असेल. तसं म्हटलं की अर्धा दोष मावशींकडे जातो. हा विचार मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा मला माझा वास आला.

बायकोनं ताट वाढलं होतं. मी जेवलो नाही. ती म्हणाली, "तुम्ही उपाशी राहून त्यांच्या पोटातलं काही कमी होणार आहे का?" मग तीही जेवली नाही. आम्ही दोघं हिशेब लावतो आहोत. मावशी पाचला उठतात. आंघोळ, देवाला दिवा. मग चहा आणि फोन. रस कधी? चहाच्या आधी की नंतर? अनशापोटी म्हणजे आधीच. पण मुलाच्या घरी मिक्सर लावायचा तर सून उठायला हवी. सून किती वाजता उठते? पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा करायचा तर चारला उठत असेल. जे जे आठवतं ते ते फोनच्या आधी रसच मांडतं. बायको म्हणते, पाचपासून लावत राहू. मी पुन्हा चितेगावला जाऊन रस्त्यावर उभा राहीन म्हणतो. ती म्हणते, उभं राहून काय हाका मारणार, मावशी मावशी? मला भीती वाटते, माय. मरणाची नाही, म्हणजे माझ्या मरणाची नाही. मला त्या एका घोटाची भीती वाटते. पेला तोंडाला लावताना त्या बाईला आठवेल की मी गोड म्हणालो होतो. ती चेहरा वाकडा करील आणि माझ्यावरच्या विश्वासानं गिळील.

तुम्ही दोघी अशाच. दोघींची जीभ गेलेली, आणि दोघींनी माझी उसनी घेतली.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी मी चाखलं नव्हतं, हे तुला तेव्हाच कळलं असेल. पण तेवढंच नव्हतं. ती चकती मी मोरीच्या भिंतीवर ठेवली होती. शेजारची शेळी आली, तिनं हुंगली, ओठ मागे ओढले आणि ती निघून गेली. ते मी बघितलं. भोपळा तेव्हा अजून चिरायचा होता. माझ्या हातात गोटी होती आणि डाव माझा होता.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मावशींचा फोन लागला. दुधी रात्रीच उकिरड्यावर गेला होता. "मी सुनंला म्हनलं, उद्या रस कर, द्येणारा माणूस खोटं बोलायचा नाय. तर ही भवानी म्हनती, माझ्या आईनं सांगितलंय, देठ चाखल्याबिगर नाय. चाखलं अन् आंगणात जाऊन थुंकली." मग त्यांनी विचारलं, "तू चाखला व्हता ना रे?" मी म्हणालो, नाही, मावशी. मग मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. आठ वाजता मी गच्चीवर जाऊन वेल उपटला.